तुझ्या ६१ फोटोंचा हिशोब

प्रिय बंड्या,

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला दोन वाक्यं धड पूर्ण करू देत नाहीस, "ते राहू दे रे, घेऊ की नको तेवढं सांग" म्हणतोस, म्हणून हे पत्र. आधी उत्तर देऊन टाकतो, मग बाकीचं वाच नाहीतर नको वाचूस. आत्ता घेऊ नकोस. निदान ती महागडी फुल फ्रेम बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा, तरी घेऊ नकोस.

आता तू चिडणार. स्वतः भारीतला कॅमेरा घेऊन बसलाय आणि मला शहाणपणा शिकवतोय वगैरे. बरोबरच आहे. आणि खरं सांगू का, मलाही ती जमात डोक्यात जाते जी गळ्यात सगळ्यात महागडा कॅमेरा अडकवून फिरते आणि नवीन पोरांना सांगते की कॅमेऱ्याने काही होत नाही रे, नजर पाहिजे नजर. एवढंच असेल तर विका ना तो! फरक पडतो. फक्त कुठे पडतो आणि कुठे नाही हे कोणी नीट सांगत नाही, आणि विकणारा तर सांगणारच नाही.

तर तू ड्राइव्हवर टाकलेले पोरीच्या बॅडमिंटनचे ६१ फोटो काल रात्री उघडून बसलो. नुसते बघितले नाहीत, एकेका फाइलची माहिती काढून बघितली, कोणता फोटो कुठल्या सेटिंगला काढलाय ते सगळं फाइलमध्येच असतं. ६१ पैकी ४८ फोटो ५५ एमएमला, म्हणजे झूम पार टोकापर्यंत ताणलेला. अपर्चर (लेन्सचं भोक, आकडा लहान तेवढं भोक मोठं) ५.६, कारण कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स त्या टोकाला याहून जास्त उघडतच नाही. आयएसओ, म्हणजे कमी प्रकाशात फोटो उजळवायचं सेटिंग, ३२००. आणि शटर १/६०. आता पोरगी जीव खाऊन उडी मारून स्मॅश हाणतेय आणि तुझा कॅमेरा सेकंदाचा साठावा भाग डोळा उघडा ठेवून बसलाय, तर हात, रॅकेट, वेणी सगळं फराटणारच ना. तू म्हणतोस कॅमेरा सॉफ्ट आहे, फोटो धूसर येतात. कॅमेरा सॉफ्ट नाहीये रे बाबा, फोटो हललाय. त्याच फोटोत मागची भिंत बघ, स्कोअरबोर्डचे आकडे झूम करून मस्त वाचता येतात. म्हणजे तुझा हातसुद्धा हललेला नाही, पोरगी हललीये. ते स्टॅबिलायझेशन की काय ते तुझ्या थरथरत्या हातासाठी असतं, समोरचा माणूस पळत असला की त्याचा काडीचा उपयोग नाही.

आता जरा कागद-पेन घे. पळणारं माणूस जागच्या जागी गोठवायचं तर निदान १/५०० तरी पाहिजे. १/६० वरून १/५०० ला जायचं म्हणजे वेळ आठ पट कमी झाला, मग फोटो तेवढाच उजळ यायला आठ पट प्रकाश दुसरीकडून कुठून तरी आणावा लागणार. तू बघतोयस त्या फुल फ्रेमचा सेन्सर, म्हणजे आतली प्रकाश टिपणारी पट्टी, ३६ बाय २४ मिलिमीटर, तुझ्याकडचा साधारण २३.५ बाय १५.६. गुणाकार कर, मोठा सेन्सर लहानाच्या जेमतेम २.४ पट भरतो, प्रकाशही तेवढाच पट जास्त घेतो. म्हणजे एवढे पैसे घालवून, तसाच ५.६ चा झूम लावून (आणि सगळं बजेट बॉडीत गेल्यावर तू तसलाच झूम लावणार, मी ओळखत नाही का तुला) तेवढ्याच नॉइजमध्ये (फोटोतले रवाळ ठिपके) तू १/६० वरून १/१५० च्या आसपास पोचणार. वेणी फराटलेलीच. फक्त महागातली.

आता दुसरा हिशोब. ५० एमएम, एफ १.८, म्हणजे अपर्चर १.८ पर्यंत उघडणारी. ती छोटीशी, हलकी, प्लास्टिकची लेन्स, बऱ्याच कंपन्यांच्या यादीत सगळ्यात स्वस्त लेन्सांमध्ये हीच सापडेल. ५.६ ला १.८ ने भाग आणि वर्ग कर. ९.७ आलं का? जवळपास दहा पट प्रकाश! तुझी तीच जुनी बॉडी, तोच आयएसओ, आणि १/५०० मिळून वर थोडं शिल्लक. मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रागच आला होता, कारण तोपर्यंत मी चुकीच्या वस्तूचे हप्ते भरत होतो.

शटलकॉक मात्र विसर हं, ते फराटणारच. आपल्या बॅडमिंटनपटू सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या २०२३ मधल्या विक्रमी स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला, त्या वेगाने निघालेलं फूल १/५०० सेकंदात ३१ सेंटिमीटर पुढे जातं. तुझी पोरगी अजून तिथवर पोचायचीये, पण फूल थोडं फराटलं तर बरंच दिसतं उलट, जोर कळतो मारण्यातला. तोंड शार्प पाहिजे बस.

झूम जाईल हे कबूल. ५० म्हणजे ५०, पुढेमागे व्हायचं ते तुझ्या पायांनी. पण तुझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. दोन्ही बाजूंनी निम्मा कापलास तरी ३००० बाय २००० उरतात, ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापला तर दहा इंच रुंद प्रिंट होते. तू आजवर किती फोटो छापलेस सांग बरं? आणि जाता जाता, ४८ मेगापिक्सेलचा फोटो २४ च्या दुप्पट रुंद नसतो, १.४ पटच असतो, दुप्पट रुंदी पाहिजे असेल तर ९६ लागतील. आकडा मोठा दिसतो म्हणून जीव अडकतो आपला.

आता महागड्या वस्तूंची बाजू पण घेतो, नाहीतर म्हणशील एकांगी बोलतोय. खंड्या पाण्यात सूर मारतोय आणि तू लांब काठावर, तिथे तुझी नजर कितीही तयार असो, ५०० किंवा ६०० एमएमची लेन्स नसेल तर पक्षी म्हणजे निळा ठिपका. नवीन कॅमेरे डोळा ओळखून फोकस धरून ठेवतात, पळणारं पोर असो की पाखरू, आणि हे काही जाहिरातीतलं थोतांड नाही, मी वापरतो, जिथे पूर्वी दहात तीन लागायचे तिथे आता आठ लागतात. पोटापाण्यासाठी काढणाऱ्याला दोन मेमरी कार्डांची सोय पाहिजे, एक गेलं तर दुसरं असतं. अंधार, अंतर आणि वेग, या तिन्हींत पैसा बोलतो. पण तू तर पक्षी काढत नाहीस. तू पोरगी काढतोस आणि घरातली माणसं.

माझी गंमत ऐक आता. मी ती ८५ एमएम एफ १.४ घेतली होती ना, तिच्यासाठी वर्षभर जीव टाकलेला. आल्या आल्या आईला खुर्चीत बसवलं, दीड मीटरवर उभा राहिलो, आणि अर्थातच १.४ ला काढला, एवढे पैसे दिलेत तर पूर्ण उघडून नको का काढायला! त्या अंतरावर त्या लेन्सला फोकसची जाडी किती असते माहितीये? जेमतेम अडीच सेंटिमीटर. फोटोत आईच्या नाकाचा शेंडा असला शार्प आलाय की छिद्रं मोजावीत, आणि डोळे धुक्यात. आई म्हणाली, जुन्या कॅमेऱ्यात मी बरी यायचे. त्यानंतर बॉडी आणि ती लेन्स मिळून एवढं वजन झालं की बॅग घ्यायचाच कंटाळा, वर ओरखडा पडेल, पाऊस लागेल, बुरशी धरेल ही धास्ती. कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांमध्ये महाराजांसारखा बसून असायचा कॅमेरा. त्या वर्षी मी सगळ्यात कमी फोटो काढले. हे कोणाला सांगितलं नव्हतं, तुलाच सांगतोय.

आणि आता मुद्द्याचं. तू व्हॉट्सॲपवर सहज म्हणून एक फोटो टाकलायस, खाली लिहिलंयस "हा फोनचाच आहे, असाच". काका सुईत दोरा ओवतायत. चष्मा नाकावर घसरलेला, एक डोळा मिटलेला, दोऱ्याचं टोक ओठाने ओलं केलेलं, आणि खिडकीचा उजेड फक्त अर्ध्या चेहऱ्यावर. बंड्या, तुझ्या त्या ६१ मध्ये याच्या जवळपास जाणारा एकही नाही रे. आणि तो काढलाय नखाएवढ्या सेन्सरने! कारण उघड आहे, खिडकीचा भरपूर उजेड, समोरचा माणूस स्तब्ध, आणि तू हातभर अंतरावर. फोनला जे जमत नाही त्यातलं एकही काम तू त्याला सांगितलंच नाहीस.

हातभर अंतर हे परत वाच. कॅमेरा हातात आला की तू कोपऱ्यात जाऊन झूम ताणतोस, लाजतोस का काय कळत नाही. १९३६ साली कॅलिफोर्नियात डोरोथिया लँग या फोटोग्राफर बाईने त्या स्थलांतरित आईचा फोटो काढला, मळकी पोरं दोन्ही खांद्यांवर तोंड लपवून आणि बाई हनुवटीला हात लावून कुठेतरी बघतेय, तो तू पाहिलेलाच आहेस. लँग त्या मजुरांच्या वस्तीची पाटी बघून आधी सरळ पुढे निघून गेली होती, वीसेक मैल गेल्यावर गाडी फिरवून परत आली, आणि मग एकेक फोटो काढत जवळ जवळ सरकत गेली. आधीच्या फोटोंत तंबू दिसतो, आजूबाजूचं सामान दिसतं. शेवटी फक्त चेहरा आणि पोरं. कॅमेरा तिचा काही खेळणं नव्हता बरं का, ४ बाय ५ इंचाची फिल्म लागणारा भलामोठा ग्राफ्लेक्स होता, तेव्हा "बघा गरीब कॅमेऱ्याने केवढा फोटो" असलं काही मी तुला सांगत नाहीये. पण तो ग्राफ्लेक्स पुढे निघून गेलेल्या गाडीतच राहिला असता तर?

तर असं कर. माझी जुनी ५० एमएम १.८ इथे नुसती पडून आहे, तुझ्या कॅमेऱ्याच्या माउंटला बसते, मी बघून ठेवलंय. रविवारी मॅच आहे ना, शनिवारी येऊन घेऊन जा. शटर प्रायॉरिटीला ठेव (शटर तू ठरवायचं, बाकी कॅमेरा बघतो), १/५००, आयएसओ ऑटो, फोकस कंटिन्युअस (पळणाऱ्याच्या मागे फिरत राहणारा), आणि मधला एकच पॉइंट तोंडावर धर, जुन्या कॅमेऱ्यात मधलाच त्यातल्या त्यात भरवशाचा असतो. पंच हो म्हणत असतील तर कोपरा सोड आणि नेटच्या लाइनीत बाजूला खाली मांडी घालून बस. दोनशे काढ, एकही डिलीट न करता कार्ड तसंच मला आणून दे. ते बघूनही तुला फुल फ्रेमच पाहिजे असं वाटलं तर मी स्वतः येतो निवडायला, शपथ.

आणि काकांच्या फोटोची मूळ फाइल पाठव आधी. व्हॉट्सॲपने पार चेंगरलीये ती, दोऱ्याचं टोक दिसतच नाहीये मला.

तुझा,
नंद्या