गार झाल्यावर चाखून बघ

निशी-कासाई, तोक्यो
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुहास,

तुझा व्हॉइस मेसेज स्पीकरवर लावला आणि पुण्यातल्या त्या हॉटेलात कारागे, म्हणजे जपानी तळलेलं चिकन, म्हणून तुझ्यापुढे काय ठेवलं याचं वर्णन ऐकून बायको हसून बेजार झाली. वरून कांद्याची पात, बाजूला शेजवान चटणी, आणि वर तो बिलाचा आकडा! मर्दा, ते चिकन चिलीच होतं, फक्त बारसं जपानी नावाने केलेलं.

तू विचारलंस, घरी जमेल का आणि मसाला कुठला. जमेल. मसाल्याचं म्हणशील तर तू कोल्हापूरचा, तुला वाईट वाटेल, पण मसाला नाहीच. सोया सॉस, आलं, लसूण, थोडी साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू. तिखट नाही, हळद नाही, आणि कांदा-लसूण चटणीच्या बरणीला त्या दिवशी हातसुद्धा लावू नकोस.

मग त्यात आहे काय, असं तू म्हणणारच. ऐक. इथे कारागे बारमध्ये बिअरबरोबर मिळतं, दुकानात मिळतं, लॉसन नावाच्या साखळी दुकानांत तर 1986 पासून 'कारागे-कुन' नावाचे छोटे तुकडे कागदी डब्यातून विकतात. पण त्याचं खरं घर म्हणजे जेवणाचा डबा. आमच्या पोराच्या बालवाडीच्या डब्यात सकाळी तळलेला तुकडा जातो आणि तो दुपारी खातो, पार गार झालेला. तेव्हा तो चांगला लागायला हवा. कढईतून काढल्या काढल्या कुणाचंही चिकन चांगलंच लागतं, त्यात कसलं कौतुक! म्हणून पुढचं सगळं वाचताना गार तुकडा डोक्यात ठेव, म्हणजे कुठली गोष्ट का करायची ते आपोआप कळेल.

पहिली गोष्ट, मांडीचं मांस. छातीचं अजिबात नको, ते गार झालं की चोथा होतो. मांडीत चरबी असते, ती गार झाल्यावरही ओलावा धरून ठेवते. आणि कातडीसकट घ्यायचं. इथेच तुझी पंचाईत होणार, कारण आपल्याकडे चिकनवाला पिसं आणि कातडी एका झटक्यात सोलून मोकळा होतो. आदल्या दिवशीच सांगून ठेव की पिसं काढ, कातडी राहू दे, आणि मांडीचं हाड काढून दे. नाहीच मिळालं तर बिनकातडीचं मांडीचंच घे, चालेल. तुकडे दोन घासांचे, त्याहून बारीक नकोत. बारीक तुकडा तळेपर्यंत आतून कोरडा पडतो.

अर्धा किलोला सोया सॉस अडीच मोठे चमचे, साके दोन, किसलेलं आलं एक, लसणाच्या दोन पाकळ्या किसून. चायनीजच्या गाडीवरचा तो काळाकुट्ट डार्क सोया आणू नकोस. बाटलीमागे सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच लिहिलेलं बघून घे. साके नसली तर नाशिकची एखादी ड्राय व्हाइट वाइन घाल, पण वहिनींना विचारून. हे सगळं चिकनला हाताने चांगलं चोळ आणि अर्धा तास ठेव. रात्रभर मुरवायची आपली सवय इथे उपयोगाची नाही, मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं आणि आल्यामुळे मांस नको इतकं मऊ पडतं. चव थोडी ठसठशीत वाटली तरी घाबरू नकोस. गार पदार्थात मीठ कमीच जाणवतं.

आता पीठ. इथे काताकुरिको म्हणून बटाट्याचं स्टार्च मिळतं, अगदी पांढरंशुभ्र, चिमटीत धरलं की करकरतं. त्यात प्रथिन जवळजवळ नाहीच, त्यामुळे मैद्यासारखं ते चिवट होत नाही. कोल्हापुरात बेकरीचं सामान विकणाऱ्यांकडे 'पोटॅटो स्टार्च' विचार, नाहीतर ऑनलाइन मागव. मक्याच्या कॉर्नफ्लोअरवरही काम भागतं, पण कवच जरा घट्ट होतं. डब्यासाठी पुष्कळजणी निम्मा मैदा, निम्मं स्टार्च घेतात, म्हणजे कवच तासन्‌तास मांसाला धरून राहतं. भजीसारखं पीठ भिजवायचं नाही हं. मुरलेलं चिकन निथळून घे, कातडी ताणून तुकड्याभोवती बाहेरच्या बाजूने गुंडाळ, कोरड्या पिठात घोळव आणि झटक. कुठे पांढरं, कुठे ओलसर असं ओबडधोबड दिसलं तर उत्तम. आणि हे तेल तापल्यावरच करायचं. घोळवून ठेवलेले तुकडे दहा मिनिटांत चिकट होतात.

तळण्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण अर्धं काम तिथंच आहे. आमच्या स्टेशनमागे एक मांसाचं दुकान आहे. इथले मांसवाले संध्याकाळी बटाट्याचे कोरोक्के (कटलेटसारखे) आणि कारागे तळून विकतात, ऑफिसातून घरी जाणारी माणसं रांग लावतात. तो माणूस कढईकडे पाठ करून गिऱ्हाइकाला डुकराचं मांस तोलून देत असतो, पैसे घेतो, सुट्टे मोजतो, आणि मध्येच काही न बघता वळून जाळी उचलतो. मी एकदा विचारलं, घड्याळ कुठाय? त्याने कानाकडे बोट दाखवलं. तेव्हापासून मीही ऐकायला लागलो. तुकडा तेलात पडला की आवाज जड, घुमा येतो, बुडबुडे मोठे आणि दाट असतात. मांसातलं पाणी वाफ होऊन सुटत असतं ना. तीनेक मिनिटांनी बुडबुडे बारीक होतात, आवाज वर चढतो, सुका आणि किणकिणता होतो. झालं, काढ.

हे पहिलं तळणं 160 ते 170 अंशांवर. तुकडे तेव्हा फिक्कट बदामी असतात, आपल्याला वाटतं कच्चेच आहेत. ते जाळीवर ठेव, कागदावर नको. कागदावर खालची बाजू स्वतःच्याच वाफेने भिजते. चार मिनिटं हात लावायचा नाही. बाहेरची उष्णता या वेळात आत सरकते आणि मांस निवांत शिजतं, तर आतली वाफ बाहेर येऊन कवच परत ओलं करते. म्हणून तेल 180 ते 190 पर्यंत तापवून दुसऱ्यांदा मिनिटभर तळायचं, की कवचात आलेलं ते पाणी उडालं. हे दुसरं तळणं टाळलंस तर ताटात फरक जाणवणार नाही. डब्यात जाणवेल. सर्वांत मोठा तुकडा कापून बघ, मधोमध गुलाबी नको. थर्मामीटर असेल तर आत 75 अंश भरले पाहिजेत. आणि कढई भरून टाकू नकोस, पाच-सहा तुकडे बस्स, नाहीतर तेल थंडावतं आणि चिकन तळण्याऐवजी उकडतं. तेल शेंगदाण्याचं चालेल, अडीच-तीन सेंटिमीटर खोल पुरे.

मग डबा. झाकण लगेच लावलंस तर एवढी मेहनत वाया. पूर्ण गार होऊ दे, मगच भर. गार झाल्यावर कुरकुरीतपणा जातो, ते मी लपवत नाही. पण कवच लगदा होत नाही, मांसाला चिकटून राहतं, आणि आल्याची चव गरम असतानापेक्षा जास्त कळते. मला तर आता तेच आवडतं.

गेल्या वर्षी आम्ही क्युशू बेटावर गेलो तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून नाकात्सुला उतरलो. कोकुरा स्टेशनवरून सोनिक एक्सप्रेसने जायचं, ओइता प्रांतातलं छोटं शहर. हे आणि शेजारचं उसा ही कारागेची पंढरीच. युद्धानंतर त्या भागात कोंबडीपालन वाढलं, आणि घरोघरच्या चवीची दुकानं झाली. बसून खायला जागा नसतेच बहुतेक ठिकाणी. वजनावर मागायचं, तुमच्यादेखत तळतात, पिशवीत घालून देतात. एका दुकानात सोया सॉस जवळजवळ नाही, नुसतं मीठ-लसूण. दोन गल्ल्या सोडून दुसऱ्याचा रंग काळपट. दोघंही दुसऱ्याचं नाव काढलं की गालात हसतात. तांबडा-पांढऱ्यावरून आपल्याकडे चालतं तेच. जपानी दहा हजाराच्या नोटेवर 2024 पर्यंत ज्यांचा चेहरा होता ते फुकुझावा युकिची लहानपणी याच गावात वाढले, पण आम्ही तिथे होतो तोवर त्यांच्याबद्दल कुणी बोललं नाही, सगळे चिकनबद्दलच बोलत होते.

उत्तरेला होक्काइदोत यालाच झांगी म्हणतात. मियाझाकीकडे तळलेलं चिकन गोडसर व्हिनेगरात बुडवून वर टार्टर सॉस घालतात, ते चिकन नानबान. गुजराती आमटी चालत असेल तर तुला ते आवडेल, मला नाही आवडत.

आणखी एक, लिंबू. बशीत फोड असते. ऑफिसच्या पार्टीत एखादा उत्साही माणूस न विचारता सगळ्यांच्या तुकड्यांवर लिंबू पिळतो, आणि बाकीचे तोंडाने काही न बोलता मनात त्याला शिव्या घालतात. इथे यावर लोक अगदी गंभीरपणे वाद घालतात. तू तर भजीवर, पोह्यांवर, रश्श्यात, दिसेल तिथे पिळणारा माणूस. पाहुणे बोलावशील तेव्हा आधी विचार, आणि बाजूला कोबी बारीक चिरून ठेव, थोडं मेयॉनीज दे.

नोव्हेंबरात ऑफिसातला एकजण सांगलीला येतोय. त्याच्याबरोबर स्टार्चची दोन पाकिटं आणि तेलाचा थर्मामीटर पाठवतो. साके पाठवत नाही, त्याच्या बॅगेत फुटली तर तो मला सोडणार नाही. वहिनींना अजून काही हवं असेल तर या आठवड्यात कळव, आणि त्याच्याबरोबर परतताना भडंग पाठव, दोन किलो तरी.

तुझा,
अभय