मार्शलचा निकाल आणि मेरीलँडचा कर

प्रिय विनय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या घटनेने केंद्राला मोजकेच अधिकार दिले, मग ते राज्यांना इतकं वरचढ कसं झालं, असं तू विचारलं होतंस. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं.

१८१६ साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दुसरी राष्ट्रीय बँक काढली. घटनेत बँकेचं नावही नाही. मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोरला तिची शाखा उघडली आणि १८१८ मध्ये मेरीलँडने कायदा केला: राज्याची सनद नसलेल्या बँकेने राज्याकडून विकत घेतलेल्या मुद्रांकित कागदावरच नोटा काढाव्यात, नाहीतर वर्षाला १५,००० डॉलर एकरकमी भरावेत. शाखेच्या कॅशियरने, जेम्स मॅककलकने, दोन्ही नाकारलं. राज्याने त्याच्यावर दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ६ मार्च १८१९ रोजी सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी बँकेच्या बाजूने निकाल दिला.

कर वसूल करणं, सैन्य पोसणं ही कामं घटनेने केंद्राला दिली आहेत, तेव्हा त्यासाठी लागणारं योग्य साधन निवडण्याची मुभाही त्यात आलीच, असं ते म्हणाले. पण मला खरा मोलाचा वाटतो तो पुढचा मुद्दा. राज्याचे आमदार आपल्याच मतदारांवर जाच होईल असा कर लावायला कचरतात, कारण मतदार पुढच्या निवडणुकीत जाब विचारतील. बँक मात्र साऱ्या देशाची. इतर राज्यांतल्या लोकांना मेरीलँडच्या विधिमंडळात मत नाही, मग त्यांच्या संस्थेवरच्या कराला आवर कोण घालणार? कर लावण्याच्या अधिकारात नष्ट करण्याचा अधिकार असतो, हे त्यांचं वाक्य इथलंच. आपल्या घटनेच्या २८५ व्या कलमाने केंद्राची मालमत्ता राज्यांच्या करातून वगळली आहे. तू ते कोर्टात वापरतोस, म्हणून हा युक्तिवाद मुळातून वाच.

निकाल लागला म्हणून राज्यं गप्प बसली असं समजू नकोस. ओहायोने दर शाखेवर वर्षाला ५०,००० डॉलर कर बसवला होता. त्याच सप्टेंबरमध्ये राज्याची माणसं चिलिकोथीच्या शाखेत शिरली आणि तिजोरीतून लाखावर डॉलर काढून कोलंबसला घेऊन गेली. न्यायालयाने मनाई केलेली असतानाही! पैसे परत करायचा अंतिम आदेश यायला १८२४ उजाडलं. त्याच वर्षी गिबन्स खटल्यात न्यूयॉर्कने दिलेली आगबोटींची मक्तेदारीही मोडली. आंतरराज्य व्यापारात काँग्रेसचा शब्द वरचा ठरला.

आणि तरीही १८३२ चा वुस्टर खटला मला अस्वस्थ करतो. चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीच्या भूमीत जॉर्जिया राज्याचे कायदे चालत नाहीत, असं मार्शल यांनी स्पष्ट लिहिलं. जॉर्जियाने मानलं नाही, राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी ते मानायला लावलं नाही. जॉर्जियाच्या त्याच कायद्यांखाली पकडलेले मिशनरी सॅम्युएल वुस्टर पुढच्या जानेवारीपर्यंत तुरुंगातच होते, आणि १८३८ मध्ये चेरोकींना सैन्य लावून हाकललं. बँकेच्या पाठीशी केंद्र उभं राहिलं, चेरोकींच्या नाही. मार्शल यांच्याबद्दल मला कितीही आदर असला, तरी त्यांच्या काळाचा हिशेब मांडताना हे वगळता येत नाही. तुला काय वाटतं ते सविस्तर लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अभय