मीप आजी, त्या लाल जोड्याबद्दल

प्रिय मीप आजी,

तुम्हाला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. हे पत्र पोचायचं नाही, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. परवा माझ्या चौदा वर्षांच्या लेकीने पहिल्यांदाच उंच टाचांचा जोडा घेतला आणि घरभर टाचा वाजवत फिरली. मला तुमची ॲन, डायरी लिहिणारी ॲन फ्रँक, आठवली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

१९४३च्या उन्हाळ्यात तीही चौदाचीच होती. ज्यू म्हणून नाझींपासून लपून ॲम्स्टरडॅममध्ये, प्रिन्सेनग्राख्ट २६३च्या मागच्या खोल्यांत, वर्षभर कोंडलेली. खाली गोदामात माणसं असली की वर पाऊल वाजवायचं नाही, नळ सोडायचा नाही. आठ माणसांचं खाणंपिणं तुम्ही आणि तुमचे सोबती जिवावर उदार होऊन आणत होतात. त्या वणवणीत तुम्हाला कुठेतरी एक वापरलेला लाल जोडा दिसला, उंच टाचांचा, आणि तुम्ही तो ॲनसाठी घेतलात. जिला रस्त्यावर पाऊलही टाकता येत नाही, तिला टाचा कशाला, असा हिशेब तुम्ही केला नाहीत. घालून चालताना तिचा तोल जात होता म्हणे. पहिल्यांदा सगळ्याच मुलींचा जातो.

तिचे बाबा ऑटो १९३८पासून अमेरिकेत जायची धडपड करत होते. त्याच साली फ्रान्समध्ये एव्हियाँला ३२ देश जमले, ज्यू निर्वासितांसाठी हळहळले आणि बहुतेकांनी दारं लावून घेतली. मुलूखच्या मुलूख मोकळे होते त्यांच्याकडे! आजी, याचा मला अजून राग येतो. तुम्ही ऑटोंच्या ऑफिसात काम करणारी बाई. लपायला मदत कराल का, असं ऑटोंनी विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात. अकराव्या वर्षी तुम्ही स्वतः व्हिएन्नाहून उपाशी पोर म्हणून हॉलंडला आला होतात, परक्या घराने तुम्हाला वाढवलं होतं.

४ ऑगस्ट १९४४ला सगळ्यांना धरून नेलं. आई एडिथ ऑश्विट्झच्या छळछावणीत वारल्या. थोरली बहीण मार्गो आणि ॲन बर्गेन-बेल्सनच्या. आठांतले एकटे ऑटो जून १९४५मध्ये परतले, ते तुमच्या दारात. मुली गेल्याचं कळलं तेव्हा तुम्ही खणात जपलेली, एक पानही न वाचलेली ॲनची डायरी त्यांच्या हाती दिलीत. त्याबद्दल सगळं जग तुमचे आभार मानतं.

मी त्या जोड्याबद्दल मानते.

तुमची,
पुण्यातली एक आई