कृषिमंत्र्यांना खुले पत्र : कृती पाठ आहे, निंबोळ्या द्या

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

कोपरखैरण्यात बसून कपाशीबद्दल लिहितोय. माझा मोठा भाऊ यवतमाळ जिल्ह्यात चार एकर पऱ्हाटी लावतो. ऑगस्ट उजाडला की त्याचा फोन ठरलेला : पानं चिकट झालीत, खाली पांढरी माशी आहे, दुकानदार तीन औषधं एकत्र करून मारायला सांगतोय. पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांचा मारा वाढला की मित्रकीटक मरतात आणि माशी उलट फोफावते, हे आपल्या खात्याला मी काय सांगणार? २०१५ मध्ये पंजाबात फवारण्यांवर फवारण्या झाल्या, तरी याच माशीने कपाशी बुडवली. आणि २०१७ मध्ये आमच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. तेव्हापासून वहिनी पंप घरात येऊ देत नाही.

स्वस्त उपाय आहे, पाच टक्के निंबोळी अर्क. वाळलेल्या निंबोळ्यांचा पाच किलो भरडा रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, साबणाचा चुरा विरघळवून शंभर लिटर करायचं आणि पानाच्या खालच्या बाजूने फवारायचं. माशी तिथेच असते. हा अर्क माशी पटकन मारत नाही, पिल्लांची वाढ रोखतो. म्हणून तो माशी थोडी असतानाच हवा. प्रकोप झाल्यावर त्याच्या भरवशावर राहून चालत नाही.

ही कृती भावाला पाठ आहे. दरवर्षी तिचं पत्रकही मिळतं. अडतं ते निंबोळ्यांवर. एकरी दोनशे लिटर पाणी धरलं तर चार एकरांच्या एका फवारणीला चाळीस किलो भरडा लागतो. निंबोळी पडते पावसाच्या तोंडावर, तेव्हा तो पेरणीत गुंतलेला असतो. ऑगस्टमध्ये झाडाखाली काही उरत नाही. मग दुकान.

इथे आमच्या इमारतीसमोरच्या कडुनिंबाखाली जूनमध्ये पाय घसरतो, इतक्या निंबोळ्या पडतात. झाडूवाल्या मावशी त्या कचऱ्याच्या गाडीत टाकतात.

तेव्हा मागणी एवढीच. जून-जुलैत गावोगावच्या महिला बचत गटांकडून वाळवलेली निंबोळी रोख भावाने विकत घ्या. भरडा करून तो ऑगस्टच्या आधी तालुक्याच्या कृषी कार्यालयात किलोवर मिळू द्या, आणि सोबत पानाखालून फवारता येईल असा वाकडा नोझल. पत्रकं यंदा कमी छापली तरी चालतील.

आपला,
कोपरखैरण्यातला एक यवतमाळकर