देवनागरी पटकथेचे पान मोजायचे कसे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पटकथा मागवताना पानांची मर्यादा घालण्याची पद्धत आपल्याकडेही रुळली आहे. एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, हा त्यामागचा हिशेब हॉलिवूडच्या टंकलेखित पटकथेतून आला. कुरियर हा टंक (फॉन्ट) १२ पॉइंटात घेतला की आडव्या इंचात १० अक्षरे आणि उभ्या इंचात ६ ओळी बसतात. डावीकडे बांधणीसाठी दीड इंचाचा समास, संवाद त्याहून आत आणि पात्राचे नाव आणखी आत, हेही ठरलेले असते. म्हणूनच तिथे दोन लेखकांची पाने एकमेकांशी ताडून पाहता येतात.

ब्राउझरमध्ये चालणारी बहुतेक पटकथालेखन साधने याच मापावर बेतलेली आहेत. कुरियरमध्ये देवनागरी अक्षरे मुळी नाहीतच, त्यामुळे ब्राउझर त्या जागी संगणकात सापडेल तो टंक घेतो: विंडोजवर मंगल किंवा निर्मला, मॅकवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो. या टंकांत अक्षरांची रुंदी सारखी नसते आणि वरच्या मात्रा व खालच्या उकारांसाठी ओळीला जास्त उंची लागते. परिणामी तीच पटकथा लेखकाच्या लॅपटॉपवर आणि दिग्दर्शकाच्या फोनवर वेगवेगळ्या पानांची भरू शकते. त्यात अमेरिकी लेटर कागदापेक्षा आपला ए-४ सुमारे पाऊण इंच उंच, म्हणजे पानामागे चार ओळींचा फरक.

हा प्रश्न केवळ देखणेपणाचा नाही. सहायक दिग्दर्शक चित्रीकरणाचे वेळापत्रक आखताना प्रत्येक दृश्य पानाच्या किती अष्टमांश आहे हे मोजतो, आणि पाने कायम केल्यावर वाढीव मजकुराला ‘२३अ’ असा क्रमांक देऊन पुढची पाने जागच्या जागी ठेवली जातात. पानच हलते असेल तर या दोन्ही सोयी निरर्थक ठरतात. संवाद रोमन लिपीत लिहा, असा सोपा सल्ला काही जण देतात. नटाने ‘बाल’ म्हणायचे की ‘बाळ’, हे मग त्याने अंदाजानेच ठरवायचे!

साधने तयार करणाऱ्यांना फार मोठे काम करावे लागणार नाही. ठरावीक देवनागरी टंक त्यांनी आपल्या सर्व्हरवरूनच पुरवावा, पडद्यावर आणि पीडीएफमध्ये तोच वापरावा आणि ओळीची उंची त्या टंकाप्रमाणे मोजावी. संवाद पानाअखेरीस तुटला की मराठी मजकुरात उमटणारी इंग्रजी सूचना बदलून तिथे ‘पुढे चालू’ लिहिता यावे. डावीकडे दृश्य आणि उजवीकडे संवाद व ध्वनी ही दोन रकान्यांची मांडणीही आपल्याकडे अनेकांच्या हातात बसलेली आहे. तिची सोय असायलाच हवी.

पटकथा मागवणाऱ्यांनी मात्र नुसता पानांचा आकडा न देता टंक, त्याचा आकार, ओळींमधले अंतर आणि कागद यांचाही उल्लेख करावा, तसेच टंक अंतर्भूत असलेली पीडीएफच स्वीकारावी. पटकथांची नोंदणी करणारी मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशन आणि पटकथालेखन शिकवणारी पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट यांनी मिळून देवनागरी पटकथेचे एक नमुना पान प्रसिद्ध करावे, अशी माझी विनंती आहे. मराठीबरोबरच हिंदीत लिहिणाऱ्यांनाही ते थेट वापरता येईल.

आपला,
एक पटकथालेखक, पुणे