चि. निरंजनास, भागीदारीतल्या वादाविषयी

कराड

चि. निरंजन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू तावातावाने बोलत होतास आणि मीही मध्येमध्ये तोंड घालत होतो, त्यामुळे सांगायचे ते राहूनच गेले. म्हणून हे पत्र. क्लासची दुसरी शाखा हडपसरला काढावी असे सुहासचे म्हणणे आहे, आणि आहेत त्या वर्गांतली मुले कमी ठेवून त्यांनाच नीट शिकवावे असे तुझे. मला विचारशील तर या प्रश्नात मी तुझ्या बाजूचा आहे. परंतु बोलण्याच्या ओघात तू म्हणालास की त्याला आता शिकवण्यात रस उरलेला नाही, त्याला फक्त पैसा दिसतो. मला काळजी वाटली ती या वाक्याची. शाखा काढावी की नाही यावर आकडेमोड करता येते, चार ठिकाणी चौकशी करता येते, सहा महिने थांबून पाहता येते. आपण लोभी नाही हे मात्र कुणालाही सिद्ध करून दाखवता येत नाही, त्यामुळे असा आरोप ऐकणारा माणूस एक तर चिडतो किंवा कायमचा गप्प होतो.

तू शाळेत असताना आपण टेंभूला गेलो होतो, ते तुला आठवत असेल. हल्ली टेंभू म्हटले की लोकांना उपसा सिंचन योजनाच आठवते, पण गोपाळ गणेश आगरकरांचे ते जन्मगाव. आगरकर आणि टिळक दोघेही जुलै 1856 मधले, डेक्कन कॉलेजातले मित्र, आणि सरकारी नोकरीच्या मागे न लागता शिक्षणाला वाहून घ्यायचे हे त्यांनी तिथेच ठरवलेले. 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि पुढच्या वर्षी आगरकरही त्यात आले. त्याच वर्षी 'केसरी' सुरू झाला व त्याचे संपादकपद आगरकरांकडे आले. कोल्हापूरच्या दिवाणांविषयीच्या मजकुरावरून बदनामीचा खटला होऊन 1882 मध्ये दोघे डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र होते. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, हा त्यांच्यातला मतभेद काही नंतर उपटलेला नव्हता. तो मैत्रीच्या ऐन भरातही होता आणि मैत्रीने तो सहज पचवला होता.

पुढे तो विकोपाला गेल्यावर आगरकरांनी 1887 मध्ये 'केसरी' सोडला आणि 1888 मध्ये 'सुधारक' काढला. माझ्या मते यात वाईट काहीच झाले नाही. ज्याला जे म्हणायचे आहे ते त्याने आपापल्या पत्रात म्हणावे, ही व्यवस्था चांगलीच होती. खरे नुकसान न्यू इंग्लिश स्कूल चालवणाऱ्या त्यांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आत झाले, असे मी जे काही वाचले आहे त्यावरून मला वाटते. आजीव सभासदांनी, म्हणजे संस्थेला वाहून घेतलेल्या शिक्षकांनी, आपले वेतन वाढवून घ्यावे का, संस्थेबाहेरचे काम करून मिळकत करावी का, हा तिथला प्रश्न होता. टिळकांचे म्हणणे असे की आपण त्यागाच्या तत्त्वावर एकत्र आलो, त्या तत्त्वाला मुरड घालता कामा नये. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की संसार वाढले, गरजा वाढल्या, त्यांचाही विचार व्हायला हवा. दोन्ही बाजू सभ्य माणसांनी घ्याव्यात अशाच होत्या, पण कोणता नियम बरा हे ठरवता ठरवता कोण अधिक निःस्वार्थी याचीच तुलना सुरू झाली. शिकत असताना आईला पत्र लिहून मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा सोडायला सांगणारे आगरकर, दम्याने जर्जर झालेले, त्यांना पैशाच्या प्रश्नावर आपल्या बाजूची कैफियत मांडावी लागावी, यापरते दुर्दैव कोणते? 1890 मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. लग्न झालेल्या मुलींचे संमतिवय वाढवणाऱ्या कायद्यावरून 1891 मध्ये झालेल्या वादात दोन्ही पत्रांची भाषा इतकी जहरी झाली की आज वाचतानाही अवघडल्यासारखे होते. भोवतालचे लोक तर त्याही पुढे गेले; सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. 17 जून 1895 रोजी, वयाची चाळिशीही न गाठता आगरकर गेले, तेव्हा टिळकांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहिला. मरणापुढे मतभेद मागे पडतात आणि जुन्या आठवणी वर येतात, असा त्याचा आशय आहे. तो लेख उत्तम आहे, पण आगरकरांना तो वाचता आला नाही.

याच्या उलट उदाहरण गांधीजी आणि रवींद्रनाथ ठाकूर यांचे आहे. चरखा, असहकार, परदेशी कापडाची होळी, यांतल्या कशावरही त्यांचे एकमत नव्हते आणि दोघांनी ते छापून जगजाहीर केले होते. जानेवारी 1934 मध्ये बिहारमध्ये भूकंप झाला, आणि तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे गांधीजी म्हणाल्याचे वृत्तपत्रांत आले. रवींद्रनाथांना हे मुळीच मानवले नाही; त्यांनी खरमरीत निषेध लिहिला, आणि तो परस्पर न छापता गांधीजींकडेच पाठवला. तुम्ही असे म्हणालात यावर माझा विश्वास बसत नाही, पण हे खरोखरच तुमचे मत असेल तर सोबतचे उत्तर छापायला द्या, असे त्यांनी कळवले. गांधीजींनी ते उत्तर आपल्या 'हरिजन'मध्ये छापले, शेजारी आपले म्हणणे मांडले, आणि मत तसूभरही बदलले नाही. रवींद्रनाथांनीही बदलले नाही. तरी दोनच वर्षांनी, आपल्या विश्वभारती या शिक्षणसंस्थेच्या खर्चासाठी म्हातारपणी कलापथक घेऊन फिरणारे रवींद्रनाथ दिल्लीत आले असता, गांधीजींनी 60,000 रुपयांची सोय करून त्यांची ही दगदग थांबवली. एरवी मला थोरामोठ्यांचे दाखले देऊन मुलांना उपदेश करण्याचा कंटाळा आहे, परंतु टीका छापण्यापूर्वी ती ज्याच्यावर आहे त्यालाच दाखवून 'हे तुझेच म्हणणे ना?' असे विचारण्याची ही रीत तुला जशीच्या तशी उचलता येईल.

आता तुमच्याविषयी. सुहासने मागच्या वर्षी घरासाठी कर्ज काढले, हे तूच मला सांगितले होतेस. दर महिन्याला हप्ता भरणाऱ्या माणसाला उत्पन्न वाढावे असे वाटणे आणि शिकवण्यातला रस संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तू अजून भाड्याच्या घरात, एकटा राहतोस, म्हणून 'आहे ते पुरे' असे म्हणणे तुला सोपे जाते. तेव्हा शाखा नको असे जरूर म्हण, पण शाखा त्याला का हवी आहे हे त्याच्याच तोंडून ऐक, आणि त्याने सांगितलेले कारण खरे मानून पुढचे बोल. कदाचित फी थोडी वाढवून किंवा सुट्टीतली एखादी जादा तुकडी काढून त्याची अडचण भागेल आणि शाखेचा विषयच उरणार नाही. कदाचित भागणारही नाही.

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तू जो लांबलचक मजकूर टाकलास, तो मात्र मला अजिबात आवडला नाही. तिथे चौघे तुझी बाजू घेतील, दोघे त्याची, आणि मग माघार घ्यायची म्हटली तरी तुम्हा दोघांनाही ती या सहा जणांच्या देखत घ्यावी लागेल. तो मजकूर काढून टाकण्यात आता अर्थ नाही, सगळ्यांनी तो वाचला आहे. पण त्याच ग्रुपवर एवढे जरूर लिही की हा विषय आम्ही दोघे बसून ठरवू.

बसाल तेव्हा क्लासमध्ये बसू नका, तिथे पालकांचे फोन येत राहतात. गेल्या दोन वर्षांचे जमाखर्च सोबत ने. त्याचे म्हणणे आधी त्याला समाधान होईल अशा शब्दांत तूच सांगून दाखव, आणि मगच तुझे मांड. इतके करूनही जमले नाही तर वेगळे व्हायला माझी हरकत नाही. फक्त जागेचे डिपॉझिट, बाके, तुम्ही दोघांनी मिळून तयार केलेल्या नोट्स आणि क्लासचे नाव यांचे काय करायचे, हे मने थोडीफार शाबूत आहेत तोवरच कागदावर आणा. तुमच्या भागीदारीपत्रात याविषयी काही लिहिले आहे का, ते भेटीआधी वाचून ठेव, आणि नसेल तर एकच वकील दोघांनी मिळून गाठा.

काय ठरते ते कळव. कळावे,

तुझे
बाबा