'येस' लावायच्या आधी काय दिसतं ते पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या टेक्नॉलॉजी पुरवणीत कुबरनेटिस क्लस्टर (कंटेनरमधली ॲप्स चालवणाऱ्या मशीनचा समूह) कमांड लाइनवरून कसा अपडेट करायचा यावर लेख आलाय. मराठीत असलं काही छापून येतंय याचंच आधी बरं वाटलं. पण लेखात कॉप्स या क्लस्टर उभारायच्या-सांभाळायच्या टूलची 'कॉप्स अपडेट क्लस्टर' ही कमांड थेट डॅश डॅश येस लावूनच दिलीय आणि पुढं लिहिलंय की झालं, क्लस्टर अपडेट झाला. दोन्ही गोष्टी नवीन माणसाला गोत्यात आणणाऱ्या आहेत म्हणून लिहितोय.

येस न लावता तीच कमांड मारली तर ती क्लाउडमध्ये कशालाच हात लावत नाही, नुसतं दाखवते काय होणार ते. 'विल क्रिएट रिसोर्सेस' खाली नवीन बनणाऱ्या गोष्टी, 'विल मॉडिफाय रिसोर्सेस' खाली बदलणाऱ्या, त्यात लाँच टेम्प्लेटच्या (नवी मशीन कशी बनवायची त्याचा साचा) नावाखाली जुना इमेज आयडी मग बाण मग नवा असं येतं, आणि शेवटी सांगते की बदल लागू करायचे तर येस द्या. खरं काम म्हणजे ही यादी वाचणं. समजा तुम्ही एका इन्स्टन्स ग्रुपची (एकसारख्या मशीनचा गट) फक्त मशीन साइझ बदलली आणि यादीत सिक्युरिटी ग्रुप नि लोड बॅलन्सर पण दिसतायत, तर तिथंच थांबायचं. एकतर कुणीतरी घाईत क्लाउडच्या कन्सोलमध्ये (वेब पानावर) जाऊन हातानं काहीतरी बदललेलं असतं, नाहीतर तुमच्या लॅपटॉपवरचं कॉप्सच मधल्या काळात वरच्या व्हर्जनला गेलेलं असतं. कॉप्स फक्त स्टेट स्टोअरमधलं, म्हणजे क्लस्टर कसा हवा ते जिथं लिहून ठेवलंय तिथलं, खरं मानतं, एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनचं क्लाउड) ते सहसा एसथ्रीच्या बकेटमध्ये असतं, आणि कन्सोलमधून केलेला बदल पुढच्या अपडेटला पुसला जाऊ शकतो.

आता 'झालं' म्हणण्याबद्दल. येस दिल्यावरही चालू मशीन जुन्याच राहतात! बदलतं ते लाँच टेम्प्लेट, ऑटोस्केलिंग ग्रुप वगैरे, म्हणजे यापुढं जी मशीन उभी राहील ती नवी. कमांड स्वतःच खाली सांगते की या बदलांसाठी इन्स्टन्स रीस्टार्ट कराव्या लागतील, रोलिंग अपडेट करा. लेखात हीच ओळ नाहीये, जागेअभावी कापली असेल कदाचित. रोलिंग अपडेट पण आधी येसशिवाय मारायची, कुठल्या ग्रुपला अपडेटची गरज आहे ते टेबलात दिसतं, मग येस दिलं की आधी कंट्रोल प्लेन (क्लस्टरचा कारभार बघणाऱ्या मशीन), नंतर वर्कर (ॲप्स चालवणाऱ्या), एकेक नोड म्हणजे मशीन ड्रेन होऊन, म्हणजे त्यावरची कामं दुसरीकडं हलवून, बदलत जातो आणि क्लस्टर व्हॅलिडेट झाल्यावरच पुढचा. कुणी पॉड डिसरप्शन बजेट (एका वेळी किती पॉड, म्हणजे ॲपच्या चालू प्रती, बंद करता येतील त्याची मर्यादा) इतकं कडक लावलेलं असतं की एकही पॉड हलत नाही, ड्रेन लटकून बसतो, मग लोक वैतागून क्लाउडओन्ली लावतात. त्यात ड्रेन-बिन काही होत नाही, सरळ मशीन उडवतात. एपीआय सर्व्हरच (क्लस्टरशी सगळं बोलणं ज्यातून होतं तो) बंद पडला असेल तेव्हासाठी आहे तो पर्याय, घाई आहे म्हणून नाही.

सगळ्यात बेकार असतो तो या दोन कमांडच्या मधला वेळ, त्यावर तर कुणीच लिहीत नाही. कुबरनेटिसचं व्हर्जन वाढवून अपडेट केलं, रोलिंग अपडेट उद्या करू म्हणून घरी गेलात आणि रात्री लोड वाढून ऑटोस्केलरनं नोड उभा केला, तर तो नवीन व्हर्जनचा येणार आणि कंट्रोल प्लेन अजून जुनाच. कुबलेट (प्रत्येक नोडवर चालणारा कुबरनेटिसचा एजंट) एपीआय सर्व्हरपेक्षा जुना चालतो, १.२८ पासून तर तीन मायनर व्हर्जन मागं चालतो, पण पुढं गेलेला चालत नाही. बरेच दिवस हे कसंबसं निभावून जायचं, १.३१ ला मात्र असे नवे नोड जुन्या कंट्रोल प्लेनला जोडलेच जाईनात, म्हणून कॉप्सनं 'रीकन्साइल क्लस्टर' अशी वेगळी कमांड आणली जी आधी कंट्रोल प्लेनचं अपडेट आणि रोलिंग उरकते आणि मगच वर्करला हात घालते. व्हर्जन अपग्रेड शिकवायचा असेल तर आता हीच शिकवा ना.

अजून एक, कॉप्स १.१९ पासून अपडेट केल्यावर ॲडमिनचे क्रेडेन्शियल आपोआप मिळत नाहीत, डॅश डॅश ॲडमिन लावावं लागतं. नवीन पोरांना कुबसीटीएल (क्लस्टरशी बोलायची कमांड) ऑथरायझेशनची एरर देतं आणि त्यांना वाटतं क्लस्टरच मेला.

पुढच्या भागात येसशिवायचं आउटपुट एकदा पूर्ण छापा, चार्ट-बिर्ट कमी केले तरी चालतील. आणि छपाईत दोन डॅशचा एक लांब डॅश झालाय तेवढं बघा, तो तसाच टाइप केला तर कमांड चालत नाही.

आपला,
एक नियमित वाचक